साळुबाईच्या फळीवरची फिल्म

मित्रांनो, माझ्या बोलण्यावर लगेच विश्वास ठेवू नका. आधी मला उजेडात धरा, उलटसुलट करून बघा, वास घ्या, मग ऐका. मी रुसून असं म्हणत नाही. संशय घेणं हाच माझा जन्मभराचा उद्योग होता, आणि माझ्यावर संशय घेतला गेला म्हणूनच माझी गोष्ट सांगण्याजोगी झाली.

मी खाण्याचे पदार्थ गुंडाळायची प्लॅस्टिकची फिल्म आहे. एके काळी माझं दोनशे मीटरचं भेंडोळं होतं. आता पुठ्ठ्याच्या नळीवर वीतभर उरले आहे. डिंभे धरणाच्या कडेला साळुबाईचं घर आहे. तिथल्या मधल्या खोलीत, फळीवर, चहाच्या डब्याशेजारी मी माझ्या खोक्यात उभी असते.

माझा जन्म पुणे-नाशिक रस्त्यालगतच्या एका लहानशा कारखान्यात झाला. साबुदाण्यासारखे दाणे वितळवून, त्यांत हवा भरून फुगवून, मग दाबून मला पातळ केलं. तोपर्यंत मी चारचौघींसारखीच होते. पुढे विजेच्या बारीक ठिणग्यांखालून मला नेलं, म्हणजे माझी एक बाजू लेप धरण्याजोगी झाली. त्या बाजूवर लेप चढला. माणसाच्या केसाच्या जाडीचे पन्नास भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढा पातळ. त्यात दोन वस्तू होत्या. पहिली ओव्याचा अर्क. त्याने बुरशी दबते. दुसरी वस्तू कोळंबीच्या टरफलांपासून केलेली. टरफलं आम्लात आणि मग क्षारात शिजवत गेलं की शेवटी पांढरी पूड उरते, तिला ना कोळंबीचा रंग, ना वास. ती जंतूंना स्वतःकडे ओढते आणि त्यांचं आवरण फाडते. मी जवळ घेते ते मायेने नव्हे, हे लक्षात असू द्या.

हा लेप कालवणारी मुलगी होती श्रेया. अवसरी खुर्दची. रसायनशास्त्र शिकून कारखान्यात नुकती लागलेली. मोजमाप चुकलं तर स्वतःवरच रागावणारी. माझं खोकं भरताना तिने मालकांना विचारलं, "सर, लेप कशाचा आहे ते खोक्यावर लिहायचं ना?"

"लिही ना. नैसर्गिक लेप."

"कोळंबीचं?"

"अगं, आपण पनीरवाल्यांना, खव्यावाल्यांना विकणार. कोळंबी वाचलं की ते उंबऱ्यावरूनच परत फिरतील. निसर्गात सगळं आलं, कोळंबी पण आली."

श्रेयाने 'नैसर्गिक लेप' असं लिहिलं. एरवी तिचं अक्षर गोल आणि सरळ. त्या दिवशी ओळ तिरकी गेली. जंतूंचा संशय मला लेपाने शिकवला. शब्दांचा संशय मी त्या तिरक्या ओळीकडून शिकले.

साळुबाई ही श्रेयाची आत्या. ती आणि तिची सून रत्ना, दोघी मिळून म्हशीच्या दुधाचा खवा करतात. हा खवा एस.टी.ने मंचर, नारायणगाव करत ओझरला जातो. तिथे विघ्नहराच्या देवळाजवळ रामनाथ पेढेवाल्याचं दुकान आहे. दुकानाच्या पाटीवर एका कोपऱ्यात 'डिंभ्याच्या साळुबाईचा खवा' असं रंगवलेलं आहे. बारा वर्षं ती ओळ तिथे आहे. साळुबाईने ओझरला जाऊन ती एकदाच पाहिली आणि घरी येऊन कुणाला काही सांगितलं नाही. पण खव्याची कढई घासताना ती त्या दिवसापासून आणखी जोर लावू लागली, असं रत्ना सांगते.

ती ओळच आता पुसली जायची होती. पावसाळी दमट हवेत खवा तिसऱ्या दिवशी बुरसू लागला होता. रामनाथला चतुर्थीच्या गर्दीसाठी चार दिवस आधी माल गोळा करून ठेवावा लागतो आणि त्याचा फ्रीज दुधानेच भरलेला असतो. त्याने फोनवर गोड बोलूनच सांगितलं होतं, "साळुबाई, तुमच्या खव्याला तोड नाय. पण ह्या चतुर्थीलाबी बुरसला, तर मला दुसरीकडून घ्यावा लागंल. पाटीबी रंगवायला झालीच हाय."

श्रेयाच्या कानावर हे गेलं आणि ती मला घेऊन आली. कारखान्यालाही कुठेतरी माझी परीक्षा करून हवीच होती.

साळुबाईने मला हातात घेतलं ते विंचू झटकायच्या तयारीने. बोटांत चोळलं. नाकाशी नेलं.

"ओव्याचा वास येतोय."

"ओव्याचा अर्क आहे, आत्या. त्यानेच बुरशी थांबते."

"आन् हे बोटाला चिकट लागतंय ते?"

"लेप आहे. नैसर्गिक आहे."

साळुबाईने मान हलवली. ती मान होकाराची नव्हती. मी तेव्हाच तिला नीट न्याहाळलं. मित्रांनो, मी हातांवर संशय घ्यायला शिकलेली. हाताच्या प्रत्येक रेषेत मला जंतूंची वस्ती दिसते. पण तिचे हात विलक्षण स्वच्छ होते, आणि त्याचीच मला जास्त धास्ती वाटली.

ती धास्ती खोटी नव्हती. श्रेया परत गेली आणि दुसऱ्या दिवशी साळुबाईने लिंबू चिरलं, कोमट पाण्यात पिळलं. माझे तुकडे कापून प्रत्येकाची आतली बाजू लिंबाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने घासून पुसली. देवाच्या दारी जाणाऱ्या खव्याला दुसरा कसलाच वास लागता कामा नये, हा तिचा नेम. त्या खोलीत कांदा चिरत नाहीत, तिथे उदबत्तीही लावत नाहीत. मग ओवा कसा चालावा? तीनदा पुसल्यावर वास गेला आणि बोटाला चिकटही लागेना.

माझा लेप पाण्याला काही वेळ दाद देत नाही. लिंबाच्या आंबटपणात मात्र तो विरघळतो. मी फळीवरून बघत होते. माझ्या अंगातलं जे काही कामाचं होतं, ते फडक्यातून मोरीत चाललं होतं.

मग त्या घरची नेहमीची रीत सुरू झाली. एस.टी. धरणाच्या वळणावर आली की ड्रायव्हर दोनदा हॉर्न देतो. तिथून थांब्यापर्यंत सात-आठ मिनिटं. गाडी कधी अकराला येते, कधी एकला, कधी येतच नाही. त्यामुळे घड्याळाकडे कुणी बघत नाही, सगळे कान वळणाकडे. साळुबाई खवा मंद आचेवर कढईतच राखते आणि हॉर्न वाजला की दोघी भराभरा पुडे बांधतात. पुडा कंडक्टरच्या हातात पडेपर्यंत गरम असतो, आणि याचा साळुबाईला अभिमान. "माझा खवा ओझरात उतरतो तवा कोमट असतो," असं ती कुणालाही ऐकवते.

तिसऱ्या दिवशी पुडे परत आले. कंडक्टरने ते उंबऱ्यावर ठेवले आणि तो गाडीकडे वळला. माझ्याच तुकड्यांत, आतून हिरवट ठिपके. माझ्यावर यापेक्षा मोठा ठपका कुठला येणार?

"पोरीनं आपल्यालाच फसवलं का काय?" साळुबाई म्हणाली.

"फसवंल कशाला? तिलाच कुनी फसवलं असंल," रत्ना म्हणाली.

मी म्हणत होते, फडकं बघा, फडकं. पण फळीवरच्या वस्तूचं कोण ऐकतं?

श्रेया सोमवारी आली. तिने पुडे उघडून पाहिले, वास घेतला, मग भिंतीवर वाळत घातलेलं फडकं पाहिलं. अर्ध्या लिंबाची साल मोरीच्या कट्ट्यावर होतीच.

"आत्या, तुम्ही ही पुसली?"

"धुतल्याबिगर मी भांडं वापरत न्हाई. ही तर बाजारची."

"लेप गेला सगळा. मग टिकणार कसा?"

"टिकन्याचं नंतर. ते चिकट काय व्हतं, ते सांग आधी."

"सांगितलं ना, नैसर्गिक आहे."

"धोतराबी नैसर्गिकच हाय, बाय. माझ्या परसात उगवतोय. घालू का चहात?"

रत्ना तोंडाला पदर लावून हसली. श्रेया हसली नाही. ती माझ्या खोक्यावरच्या तिरक्या ओळीकडे बघत होती.

त्या दिवशी वळणावर हॉर्न वाजलाच नाही. घाटात झाड पडलं होतं आणि गाडी बंद होती. श्रेया अडकली, खवाही अडकला. दुपारपर्यंत कढई पार निवली. तेव्हा श्रेया म्हणाली, "आत्या, माझ्यावर विश्वास ठेवू नका. तपासून बघा. याच खव्याच्या चार पुड्या करू."

साळुबाईला हे पटलं. फसवणारा माणूस तपासायला सांगत नाही, असं तिचं मत. एक पुडी माझ्या न पुसलेल्या तुकड्यात बांधली, एक लिंबाने पुसलेल्या तुकड्यात, एक नेहमीच्या साध्या पिशवीत आणि एक पळसाच्या पानात. पळसाचं पान साळुबाईने हट्टाने आणलं, कारण तिची आई पानातच बांधायची. चारही पुड्या फळीवर ओळीने बसल्या. संध्याकाळी घाट मोकळा झाला तशी श्रेया गेली. साळुबाई रोज सकाळी पुड्या खाली घेऊन बघायची आणि फळीच्या कडेला कोळशाने एक रेघ ओढायची.

ते दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत मानाचे. पळसाचं पान तिसऱ्या दिवशी कडेने काळं पडलं आणि आत बुरशी. पाचव्या दिवशी साध्या पिशवीत ठिपके आले, त्याच दिवशी पुसलेल्या तुकड्यातही आले. मी सात दिवस तशीच. फक्त एका कोपऱ्यात, जिथे खव्याला मी नीट चिकटले नव्हते, तिथे मुगाएवढा एक ठिपका उठला. तोही मी लपवत नाही. लागले तिथेच मी काम करते. मध्ये हवा राहिली तर मी नुसती पिशवी.

आठव्या दिवशी श्रेया आली. रत्नाचा आनंद गगनात मावत नव्हता. तिने रामनाथला आधीच फोन करून टाकला होता, "भाऊ, सात दिस टिकला. ह्या चतुर्थीला पाटी पुसू नका." श्रेयाने पुडी हातात घेतली, उघडली आणि परत मिटली. कारखान्यात हा निकाल दाखवला असता तर तिची पाठ थोपटली गेली असती. ती पाटावर बसली आणि म्हणाली, "आत्या, ते चिकट कोळंबीचं होतं. कोळंबीच्या टरफलांपासून करतात."

साळुबाईने बोटं पदराला पुसली.

रत्नाच आधी बोलली. "मग काय झालं? आपन खातोच की कोळंबी. वास ना रंग. कोन विचारतंय?"

"आपन खातो ते ताटात बघून खातो," साळुबाई म्हणाली. "ओझरला उपाशी पोटी आलेली बाई पेढा तोंडात टाकणार. तिला ठाव नको? आन् पेढा खानाऱ्यानं मला इचारलं, तर मी काय सांगू? निसर्ग?"

"पर आई..."

"भागूला कोळंबीनं काय व्हतं?"

 भागू रत्नाचा नवरा, मंचरला आडतीवर कामाला. कोळंबीचा एक घास पोटात गेला की त्याच्या अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात. एकदा त्याला दवाखान्यात न्यावं लागलं होतं.

"ह्या लेपानं उठतील का गांधी?" साळुबाईने श्रेयाला विचारलं.

"मला माहीत नाही," श्रेया म्हणाली. "आम्ही ते तपासलेलं नाही."

मित्रांनो, माझ्याविषयी बोलली गेलेली ही पहिली सरळ ओळ. मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही.

"हे तू पयल्या दिवशी सांगितलं असतंस," साळुबाई म्हणाली, "तर माझं लिंबू वाचलं असतं." एवढंच. भाचीसाठी चहा मात्र तिने रत्नाला करायला सांगितला, स्वतः केला नाही. श्रेयाला ते कळलं.

आता उपाय काय? चतुर्थी सहा दिवसांवर आली होती. मी चालणार नव्हते. रत्ना कपाळाला हात लावून बसली. श्रेया माझी पुडी पुन्हा पुन्हा उलटून पाहत होती, जणू माझ्यातून दुसरं उत्तर निघणार होतं. साळुबाईने मात्र साध्या पिशवीची पुडी उचलली. बुरसलेली, हरलेली, टाकून द्यायची राहिलेली पुडी.

"ही पाचव्या दिशी बुरसली," ती म्हणाली.

"हो. आणि माझी सात दिवस..."

"तुझी राहू दे गं. ही एरवी तिसऱ्या दिशी बुरसते. ह्या खेपेला पाचव्याला का?"

श्रेयाने मान वर केली. तिने माझ्यासाठी चार पुड्या मांडल्या होत्या. त्यातली साधी पिशवी फक्त माझ्याशी ताडून बघायला होती. सगळ्यांचे डोळे माझ्यावर होते, माझेही. त्या पिशवीकडे साळुबाईने एकटीनेच पाहिलं होतं.

"दूध तेच," रत्ना आठवत म्हणाली. "कढई तीच. पिशवी तीच. त्या दिशी गाडी न्हवती, एवढंच."

"गाडी न्हवती म्हणजे हॉर्न न्हवता," साळुबाई सावकाश म्हणाली. "हॉर्न न्हवता म्हणून खवा निवला. आन् निवलेला बांधला."

श्रेयाने बुरसून परत आलेल्या, परसात टाकलेल्या पुड्यांतला एक आणून उघडला, आतली बाजू उजेडाकडे केली. हिरवट ठिपक्यांमधून सुकलेल्या थेंबांचे वळ दिसत होते. गरम खव्याची वाफ पिशवीत कोंडते, थंड झाली की तिचं पाणी होतं, आणि त्या पाण्यावर बुरशी वाढते. बारा वर्षं ज्या कोमट पुड्याचा अभिमान, तोच पुडा खव्याला खात होता.

साळुबाईने त्या वळांवरून बोट फिरवलं. मग हसली. "म्हणजे चोर घरातच, आन् मी बाजारच्या पिशवीला लिंबू चोळतेय."

तिने स्वतः रामनाथला फोन लावला. "भाऊ, तो सात दिस टिकनारा खवा तुमाला येनार न्हाई. चार दिसाचा येईल."

"का वो? सात दिसाचा कुठं गेला?"

"त्याला कोळंबीचा हात लागलाय." आणि तिने सगळं सांगितलं.

 मग रामनाथ म्हणाला, "साळुबाई, देवाच्या दारात कोळंबी ठेवली असती तर लोकांनी मला गावातून हाकलला असता."

"म्हनून तर सांगतेय."

"चार दिसांची तरी खात्री देता का?"

"खात्री मी देत न्हाई. चौथ्या दिशी उघडा आन् बघा."

चतुर्थीच्या खेपेला आदल्या संध्याकाळच्या दुधाचा खवा परातीत पसरला, वरून पातळ फडकं. सकाळी तो पार निवल्यावर साध्या धुतलेल्या, कोरड्या पिशव्यांत बांधला. बारा पुडे रांगेने तयार. मग वळणावर दोनदा हॉर्न वाजला. सवयीने रत्ना तटकन उठली.

"वाजू दे," साळुबाई म्हणाली आणि चहाचा घोट घेतला. पण तिची मान वळणाकडेच वळलेली होती, ते मला फळीवरून दिसलं.

चौथ्या दिवशी फोन आला. "उघडला. कालच केल्यासारखा हाय," रामनाथ म्हणाला. "एक पुडा सोडून. त्याची शिवण सुटली व्हती."

"तेवढा परत धाडा."

"राहू दे. पाटी रंगवनारा आलाय, तुमचं नाव त्याला जरा मोठं काढायला सांगतो."

साळुबाईने फोन ठेवला आणि कढई घासायला घेतली.

माझं काय झालं, तेही सांगते. शेजारच्या कुशाबाई धरणातले मासे घेऊन घोडेगावच्या बाजारात बसतात. साळुबाईने माझं भेंडोळं त्यांच्यापुढे ठेवलं आणि पहिलं वाक्य हेच म्हटलं, "हिला कोळंबीचा लेप हाय बरं का. घेनाऱ्याला सांगून देशील तरच ने."

कुशाबाई म्हणाल्या, "कोळंबी माज्या माशांना काय परकी न्हाई. सांगीन की." आणि सांगतात. मी त्यांच्या माशांना गुंडाळत गुंडाळत संपत आले. श्रेयाने माझ्या खोक्यावरची तिरकी ओळ खोडली आणि खाली गोल, सरळ अक्षरात लिहिलं: 'लेप कोळंबीच्या टरफलांपासून व ओव्यापासून. कोळंबी सोसत नसणाऱ्यांवर तपासलेला नाही.' त्याचा फोटो तिने मालकांना पाठवला. त्यांनी काय उत्तर दिलं, ते मला ठाऊक नाही. ठाऊक नसलेलं मी सांगत नाही.

शेवटचा वीतभर तुकडा साळुबाईने कुशाबाईंकडून मागून आणला. परवा एक माणूस खवा घट्ट करायची पूड विकायला आला होता. डब्यावर झाडाचं चित्र होतं. साळुबाईने मला फळीवरून काढलं, खोकं त्याच्यापुढे धरलं आणि म्हणाली, "ही ओळ वाच. तुझ्या डब्यावर अशी लिहून आन. मग बसू." तो डबा घेऊन गेला, अजून आलेला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्या बहिणी येत असतील. त्यांना बिनधास्त विचारा, तू कशाची आहेस, आणि तुला कुणावर तपासलंय. संशय जरूर घ्या. पण तो मनात कुजवत ठेवू नका, फळीवर ठेवा आणि रोज सकाळी उतरवून बघा. आणि बघताना शेजारच्या साध्या पिशवीलाही विसरू नका.

तो पूडवाला गेल्यावर साळुबाईने मला नाकाशी नेलं. "हिचा ओवा उडाला आता," ती रत्नाला म्हणाली. खरं आहे. वास गेला, म्हणजे बुरशी दाबायची माझी अर्धी ताकदही गेली. तरी तिने मला पुसलं नाही. खोकं फळीवर ठेवलं, ती ओळ बाहेरच्या बाजूला करून.